ज्याची वाट अवघड

कडोली, ता. २ एप्रिल २०२५

तुम्ही पोराला श्रीशैलला घेऊन गेलासा आणि मला कळलं कुणाकडनं, तर रवळूकडनं. भाजीवाल्या रवळूकडनं! सदलग्याच्या बाजारात बटाट्याची पोती उतरवताना त्यानं तुमच्या गल्लीतनं कंबी निघालेली बघितली. पुढं देवाची ती कावड खांद्यावर घेतलेली माणसं, मागं तुम्ही, आणि तुमच्या पदराला धरून माझा नातू, पाठीवर वेणी. ह्या गोष्टीला पंधरा दिवस उलटून गेले आणि त्या मुर्दाडानं मला सांगितलं काल, कोथिंबिरीची पेंडी निवडता निवडता. म्हणला, "मला वाटलं तुला ठाऊक असंल, काकू."

नमस्कार मागनं घालते. आधी सांगा, केस हायत का गेले?

फोन लावला तर एक बाई कन्नडात सांगती की तुम्ही न्हाईसा. तुम्ही हायसा, गंगव्वा. माझा नंबर तुम्ही बंद करून ठेवलाय. म्हणून हा कागूद. मी दुसरी पास. तिसरीला आईनं शेणी थापायला घरी बसीवलं, तेवढ्या अकलेनं लिवतेय. तुम्ही मराठी शाळेत माझ्यापरास दोन यत्ता जास्त शिकलासा, तेव्हा वाचता येत न्हाय म्हणून सोंग घेऊ नका.

माझ्या प्रियदर्शनीच्या दिवसकार्याला तुमच्या सोप्यात काय ठरलं ते परत लिवते, कारण म्हातारपणी माणसाला सोयीचं तेवढंच आठवतंय. माझी लेक गेलेली, तिचं बाळ तुमच्या मांडीवर, आणि आपण दोघी भांडत हुतो त्याच्या जावळावरनं. तुम्ही म्हणालासा, दवाखान्यात मी मल्लय्याला नवस बोलले, पोर जगलं तर पयले केस श्रीशैलला. मी म्हटलं, मी बी जोतिबाला बोलले हाय, पयले केस डोंगरावर. तुमची जात वर, आमची खाली, असं करत करत भात निवला. तसे आमचे थोरले दीर मारुतीराव वैतागले. "ज्याची वाट अवघड, त्याच्या देवाला केस. उठा आता, पानं मांडा." त्या माणसानं उभ्या जन्मात शहाणपणाची एकच गोष्ट सांगितली आणि ती बी भुकेच्या पोटी. पण सांगितली चार माणसांत. तुमच्याकडच्यांनी माना हलीवल्या. तवापास्नं निकाल लागंस्तवर त्या डोक्याला कात्री लावायची न्हाय असं ठरलं. आणि निकाल देणारे मारुतीराव त्याच पावसाळ्यात गेले.

म्हणून मी दर साली चालते आणि तुम्ही दर साली चालता. तुम्ही पाडव्याला तिकडं पोचायचं, मी चैत्र पुनवंला हिकडं. आणि परत आल्यावर ह्याच्या त्याच्या तोंडून एकमेकीला कळवायचं, यंदा कशी जीवावर बेतली.

तुमची वाट लांब हाय. पार आंध्रात जाता. मी कधी न्हाय म्हटलं? पण लांब म्हणजे अवघड, असं कुठल्या पोथीत लिवलंय? तुमच्या वाटेवर गावोगाव मांडव. ताक, लिंबू, गव्हाची गोड हुग्गी. तरणी पोरं तेलाची वाटी घेऊन पाय चेपायला बसलेली असत्यात, हे लग्नाच्या पंगतीत तुम्हीच बढाई मारत सांगितलंसा. ऊन नको म्हणून रातचं चालायचं आणि दिवसा देवळाच्या सावलीत घोरायचं. ह्याला मी चालणं म्हणत न्हाय, पाव्हणचार म्हणते. राहिलं ते शेवटचं जंगल आणि भीमनकोळ्ळाचा चढ. तिथं पायऱ्या हायत. कुणीतरी आधी मरमर मरून तुमच्यासाठी करून ठेवलेल्या पायऱ्या.

तुमच्यातली काही माणसं उंच काठ्यांच्या लाकडी पायांवर उभी राहून ती सगळी वाट काटत्यात. त्यांना मी हात जोडते. तुम्ही लाकडी पायांवर गेला न्हाईसा.

आता माझी. काकतीला हायवेला लागलं की डांबर सुरू, ते कोल्हापूर सुटंस्तवर डांबरच. अनवाणी. पयलं दोन्ही अंगाला चिंचा हुत्या, वड हुते. रस्ता रुंद करायला सगळी झाडं पाडली. आता सावली म्हणजे उभ्या ट्रकची, आणि तिच्यात बसलं की क्लीनर हाकलतोय. दुपारी डांबर टाचंला धरतंय, बाजूला सरावं तर कामाची खडी. पुढं सासनकाठी, ताडाएवढा बांबू उभा धरलेला, चार जण दोऱ्या ओढून धरत्यात. ट्रकचा वारा लागला की ती काठी सगळ्यांना घेऊन झुकती. तवंदीच्या घाटात उतार लागला की बैलगाड्या अंगावर याला बघत्यात. आणि कोल्हापूर मागं पडलं, सुटलो बाई, म्हणावं तर केर्लीपास्नं डोंगर डोक्यावर. आम्हाला कुणी तेल लावत न्हाय. फोड आला की सुई ओवायची, दोरा आरपार काढायचा, पाणी गळू द्यायचं आणि उठायचं.

मला वाद घालायचा न्हाय. केस हायत का गेले, एवढंच लिवा. रवळू उद्या सदलग्याला येतोय. त्याच्याच हातनं परत द्या, आणि त्याला चहा पाजा, मागल्या बारीला दिला न्हाईसा म्हणून गावभर सांगत फिरतोय.

मनुबाई

कडोली, ता. ५ एप्रिल

म्हणजे केस हायत. एवढं लिवायला तुम्हाला पान भरावं लागलं.

तुमचा कागूद दोनदा वाचला. इलकलच्या पुढं तुमचे गुडघे सुजले, भोपळ्यागत झाले, आणि कंबीवाल्यांनी तुम्हाला एस्टीत बसवून माघारी धाडलं. पोर कंबीवाल्यांबरोबर पुढं चाललं, तुम्ही न्हाय. बरं. ऐकून मला आनंद झाला असं मी लिवणार न्हाय. पण खाली तुम्ही जे लिवलंय ते वाचून मी एकटीच मोठ्यांदा हसले. म्हणं, "वाट इतकी अवघड हाय की मी निम्म्यात पडले. म्हणजे निकाल माझ्याकडनं लागला." वा गं बाई! पडलेल्या पैलवानानं पटका मागावा तशातली गत. मग मी उद्या काकतीच्या नाक्यावरच पाय मोडून घेते, आणि केस मला द्या.

आता तुमची शेवटची ओळ. ती तुम्ही बारीक अक्षरात लिवलीसा, म्हणजे मनात भ्यालासा. तरी लिवलीसा. "तुम्ही पोरासाठी बोलला न्हवतासा. दवाखान्याच्या बाकड्यावर मी तुमच्या शेजारीच बसलेले. तुम्ही प्रियासाठी बोललासा. तिला तुमचा देव पावला न्हाय. मग केस त्याचे कसे?"

व्हय. लेकीसाठी बोलले. तिला उठीव, तिच्या पोराचं जावळ तुझ्या पायरीवर देते, मी सोता अनवाणी येते, असं बोलले. दुसऱ्या कुणासाठी बोलायचं हुतं? काचेच्या पेटीतल्या त्या मूठभर गोळ्याला मी वळखत बी न्हवते. आत पडलेली ती माझ्या पोटची. तुम्हाला सून दुसरी मिळत हुती, नातू मिळाला नसता. तुम्ही बरोबर मागितलंसा. बाजारात तुमचा हात पयल्यापास्नं चलाख. तुमच्या ईरण्णानं वरीस सरायच्या आत दुसरी बायको आणली, त्यावर मी चकार शब्द काढला न्हाय. आता बी काढत न्हाय, निस्तं लिवलं.

मग पावला न्हाय त्या देवाकडं दर साली चालत काय फेडायला जातीस, असं इचारलंय. मी फेडायला जात न्हाय, गंगव्वा. डोंगरावर पुनवंला पाय ठेवायला जागा नसती. गुलालानं माणूस माणसाला वळखत न्हाय. सगळे चांगभलं म्हणून वरडत असत्यात तवा मी माझं वरडते. बाजूच्याला ऐकू जात न्हाय. त्याला जातंय. तोंडात येईल ते बोलते. लेकीचं नाव घेऊन बोलते. आणि दवणा वाहून उतरते. वर्षातनं एक डाव त्यानं माझं तोंड बघावं, एवढ्यासाठी जाते. घरात बसून शिव्या दिल्या तर तो म्हणंल, बाईला चालायचा कंटाळा आला, राग गेला.

आता अवघड कुठली वाट ते सांगते आणि हा विषय बंद करते. तुमच्या देवानं तुमचं ऐकलं. ऐकलेल्या देवाकडं सुजलेल्या गुडघ्यावर बी जाता येतंय. न ऐकलेल्याकडं काकती ते हत्तरगी एवढंच चालून दाखवा. तिथं ताक घेऊन कुणी बसत न्हाय.

आम्ही सोमवारी निघतो. नऊ तारखेला आमच्या गाड्या निपाणीला मुक्कामाला येत्यात, तंबाखूच्या वखारीमागं मोकळं रान हाय तिथं. दहाला सकाळी पोराला घेऊन तिथं या. सदलग्यापास्नं निपाणी काय श्रीशैल न्हाय. एस्टीत बसवंल तुम्हाला. केस कुणाचे ते तिथं, पोरासमोर ठरवू. सात वर्सं झाली, त्या पोराला मी फोनवर जास्त आणि डोळ्यानं कमी बघितलंय. फोन तर तुम्ही तोडला.

या. न्हाय आलासा तर मी दिंडीतनं बाहेर पडून सदलग्याला चालत येईन, आणि तुमच्या दारात बसून जेवीन.

मनुबाई

संकेश्वर, ता. ८ एप्रिल

तुमच्या गावचा एक टेम्पोवाला हितं पाण्याला थांबलाय, त्याच्या हातनं धाडतेय. पेन्सिल दुसऱ्याची हाय, अक्षर तसलंच येणार.

चिठ्ठी मिळाली का, येणार का न्हाय, रवळूला काय सांगितलं न्हाईसा. रवळू म्हणतोय, "बाई निस्ती बघत हुती."

माझ्या पायाला काय झालेलं न्हाय. कुणी काय सांगितलं तर ते खोटं. एका फोडात खडी गेली, तेवढंच.

पोराला टोपी घालून आणा, ऊन लई हाय. तो काय खातोय ते लिवून कळवा. न्हाय, राहू दे, तुमचा कागूद यायच्या आधी मी निपाणीत असणार. मी शेंगदाण्याची पोळी बांधून घेतलीया.

मनुबाई

कडोली, ता. १६ एप्रिल

टोपी घालून आणा म्हटलं ते उन्हासाठी म्हटलं हुतं. झाकण म्हणून न्हाय.

एस्टीतनं उतरताना मी लांबनं बघत हुते, टोपीखालनं वेणी दिसंना. मला वाटलं, तुम्ही वर गुंडाळलीया. मग तुम्ही जवळ आलासा आणि पोराची टोपी काढलीसा. उंदरानं कुरतडल्यागत डोकं. एका कानावर पुंजका, दुसरीकडं पांढरी कातडी. मी तिथंच तुम्हाला लबाड म्हटलं, आणि आणखी बी काय काय म्हटलं, ते सगळ्या गाडीवानांनी ऐकलं. लबाड म्हटलेलं मी माघारी घेत न्हाय, दुसऱ्या कारणांसाठी ते राहू दे. पण कात्री तुमची न्हवती, एवढं मान्य करते.

"कुणी कापले रं?"

"मी."

"कशानं?"

"शिलाईच्या कात्रीनं."

"का म्हणून?"

तुम्ही म्हणालासा, काल सकाळी आंघोळीला हाक मारायला गेले तर वेणी न्हाणीत पडलेली. आणि पिशवीतनं ती काढून माझ्यापुढं धरलीसा. "घ्या. तुमच्या जोतिबाला घाला. माझे गुडघे गेले, मी आता कुठं जात न्हाय."

"माझ्या देवाला उष्टं चालत न्हाय."

"मग टाकून देऊ?"

"द्या की टाकून."

दोघी हात लांब करून उभ्या. तुम्ही टाकंना, मी घेईना. शामू गाडीवान बैलाला पाणी दाखवत हुता, तो म्हणला, "आज्ज्यांनो, तिच्यावर एक देऊळ बांधा आणि दोघी पुजारणी व्हा." माणसं हसली. पोर बी हसलं. त्याच्या हसण्याची तऱ्हा कुणाची हाय ते तुम्हाला ठाऊक हाय. म्हणून तुम्ही तोंड फिरवून चहाच्या गाड्याकडं गेलासा. गुडघ्याचं निमित्त तुमचं.

म्हणूनच हे लिवतेय. काठी उठली, पोर म्हणलं, मी येतो थोडं चालत. तुम्ही म्हणालासा, कोगनोळीपातूर चालू दे, मी एस्टीनं पुढं येते. तेवढ्या वाटेत आमचं काय बोलणं झालं ते तुम्हाला कळलं न्हाय. त्यानं सांगितलं नसंल. तो तुमच्यापुढं बोलत न्हाय आणि माझ्यापुढं बी आधी बोलंना. शेंगदाण्याची पोळी दिली तवा तोंड उघडलं.

मराठी झकास बोलतोय की. मी इचारलं, तुझ्या घरात तर सगळं कन्नड, तुला कुणी शिकवलं? म्हणला, "गल्लीत सगळे बोलत्यात. अज्जी बी बोलती, चिडली की." म्हणजे तुम्ही रोज बोलत असणार.

त्यानं चप्पल काढली. मी नको म्हटलं. म्हणला, तू बी काढलीस की. एक फर्लांग चालला आणि गप परत घातली. मला ते आवडलं. तुमच्यामाझ्यात तेवढी अक्कल न्हाय.

मग मी इचारलं. आयुष्यभर चालून आलेली बाई, नातवाला एवढं इचारायचा हक्क हाय मला.

"दोन्हीकडं चाललास न्हवं? मग सांग बघू. अवघड कुठली? तुझ्या अज्जीची वाट का माझी?"

"तिकडं काटे हुते. आणि एक कुत्रं लागलं."

"आणि हिकडं?"

"हिकडं गाड्या. आवाज लई."

"ते झालं. पण अवघड कुठली? निकाल तू दे. ज्याची वाट अवघड त्याच्या देवाला केस, ठाऊक हाय न्हवं?"

"ठाऊक हाय."

"मग?"

"शाळेची."

"शाळेची कसली वाट रं? तुमच्या उंबऱ्यावरनं शाळा दिसती."

"दिसती. पण पाण्याच्या टाकीपाशी पोरं बसत्यात. वेणी धरून घोडा करत्यात. मागनं हुर्र म्हणत्यात. पळालं तर जास्त दुखतंय. म्हणून पळायचं न्हाय, सावकाश जायाचं."

"रोज?"

"शाळा असंल तवा."

मला राग आला, आणि कुणावर काढावा ते सुचंना, म्हणून त्याच्यावरच काढला. "मग तोंड शिवलंवतं काय तुझं? अज्जीला सांगायला काय झालं?"

"सांगितलं की."

"काय म्हणली?"

"म्हणली, कडोलीची आज्जी व्हय म्हणंस्तवर काढता येत न्हाय."

गंगव्वा, हे तुम्ही मला कधी कळवलं न्हाईसा. फोन सुरू हुता तवा बी न्हाय. तुमच्या पाठवलेल्या निरोपात जंगल असायचं, उन्हाळा असायचा, कुठल्या गावाला किती माणसं आजारी पडली ते असायचं. टाकी न्हवती. कळवलं असतं तर मी व्हय म्हटलं असतं का, ते मला इचारू नका. मी तुम्हाला इचारत न्हाय की तुम्ही न इचारता का काढले न्हाईसा.

पुढं तो लंगडाय लागला. मी म्हटलं, गाडीत बस. तर म्हणतोय, "तू बस आधी. तुझ्या टाचंतनं रगात येतंय." मी म्हटलं, टाचा त्यासाठीच असत्यात. म्हणला, "साकु आज्जी." कन्नडात म्हणला, पुरे. मोठ्या माणसागत. माझ्या लेकीनं सासरी जायच्या आधी मला असंच एकदा पुरे म्हटलं हुतं, तुमच्या पोराशी लगीन नको म्हणून मी वाद घालत हुते तवा. ते मी ऐकलं न्हवतं. हे ऐकलं. कोगनोळीपातूर दोघं गाडीत बसून आलो. व्हय, लिवते. सोळा आणे चालले न्हाय मी यंदा. आता गावभर सांगा. निकाल लावा तुमच्याकडनं.

कोगनोळीला तुम्ही त्याला घेऊन एस्टीत चढलासा. त्यानं खिडकीतनं हात केला. तुम्ही केला न्हाईसा, मी बी केला न्हाय.

तुम्ही चहाला जाताना तिथंच ठेवलेली वेणीची पिशवी शामूनं गाडीत टाकलेली, मला डोंगर चढल्यावर कळलं. तुम्हाला खरं वाटणार न्हाय, नका मानू. वर पायरीवर न्हावी बसत्यात, एकानं पिशवीकडं बघून इचारलं, "जावळाचं काय, आज्जी?" मी म्हटलं, तुझं काम कर. आत गेले. पिशवी देवाला दाखवली. दिली न्हाय. वरडले बी न्हाय यंदा. गर्दीनं मागनं ढकललं, तशी बाहेर पडले. एवढं चालून गेले आणि त्याला बोलायचं ते तोंडातच राहिलं. माणूस म्हातारं झालं की शिव्या बी संपत्यात की काय कुणाला ठाऊक.

आता वेणी माझ्या ट्रंकेत हाय. कडुनिंबाचा पाला घातलाय, उवांसाठी. तुमच्या घरातनं आल्यात, तेव्हा असणारच. प्रियदर्शनीचे केस बी टोकाला असेच तांबूस हुते. हे लिवायचं न्हवतं, पण पेन्सिल न्हाय, पेन हाय, खोडता येत न्हाय.

आता काम. केस हुते तवर वर्षातनं एकदा तरी तुम्हाला माझं नाव घ्यावं लागत हुतं, शिव्या द्यायला का असंना. पोराच्या डोक्यावर माझा निम्मा हक्क हुता, आणि त्यासाठी तुम्हाला उत्तर द्यावं लागत हुतं. आता डोकं मोकळं झालं. त्याला माझ्याकडं आणायला तुमच्याजवळ कारण उरलं न्हाय आणि मागायला माझ्याजवळ तोंड न्हाय. ईरण्णाला मी लेक गेली तवाच नको ते बोललेय. एकदा तुम्ही गप बसलासा की ते पोर मोठं हुईल, आणि रस्त्यात दिसला तर मला वळखणार न्हाय. मी काय श्रीशैलचा चढ न्हवं की तो हौसेनं चढून येईल.

शाळेला सुट्टी लागलीया. मेअखेरपातूर हाय, रवळूच्या नातीला इचारून घेतलं. त्यानं कडोलीला यावं. हितं टाकीपाशी कुणी बसत न्हाय. केस सारखे करायला आमच्या गल्लीत न्हावी हाय, देवाबिवाचं काय न्हाय, खुर्चीत बसवून कापतोय. त्याला काय चालायला लावणार न्हाय. रवळूच्या टेम्पोतनं यायचं, टेम्पोतनं जायचं.

पण हे तुम्ही ठरवायचं न्हाय. तुम्ही उत्तर लिवू नका. तुम्ही लिवलंसा की मी लिवणार, मग गुडघे आणि टाचा, मग परत सात वर्सं. ईरण्णानं बी लिवायचं न्हाय. त्याच्या बायकोनं तर न्हायच.

पोरानं लिवायचं. त्याला मराठी बोलता येतंय, लिवता येत न्हाय, शाळा कन्नडाची, ते मला ठाऊक हाय. कन्नडात लिवू दे. ह्या घरात कन्नड कागूद आजवर फक्त विजेच्या बिलाचा आलाय आणि त्याला बी मी दारातच शिव्या घातल्यात. ह्याला घालणार न्हाय. रवळूच्या नातीकडनं वाचून घेईन. यायचं असंल तर यायचं लिवू दे, नसंल तर न्हाय म्हणून लिवू दे. तुम्ही शेजारी बसून सांगू नका, मला कळतंय. कात्री त्यानं धरली, आता पेन बी त्यानंच धरायचं.

मनुबाई